माठ वाजवण्याचा हक्क

सुमनमावशीच्या मातीच्या भांड्यांचं ऑनलाइन दुकान मी सुरू केलं, तेव्हा सगळं घरपोचच ठेवलं होतं. काल गावातल्याच एका आजींचा फोन आला.

"पणत्या नागपूरला लेकीकडे पाठव. माठ मात्र मी येऊन नेणार."

"आजी, सगळं कुरिअरनेच जातं."

"अगं, माठ वाजवल्याशिवाय कुणी घेतं का? बहिरं आहे तुझं दुकान!" त्यांनी फोन ठेवला.

समोर मावशी एकेका माठाला टिचकी मारून कान देत होती. पारखून घेणं हा माणसाचा हक्क, आणि सोयीच्या नावाखाली तो मीच काढून घेतला होता! आज परत दिला. एकाच ऑर्डरमधलं आता काही पाठवता येतं, काही येऊन नेता येतं. मग आजींना फोन लावला, "या. सगळे माठ अंगणात मांडलेत. हवा तो वाजवा."