नदीकाठी गाव नको

उमाकांतराव मूळचे मिरजेचे. विमा कंपनीतल्या बदलीने त्यांना जयपूरला आणून टाकलं आणि मुलगा गंधार इथेच चिकटला, म्हणून निवृत्तीनंतरही ते मालवीय नगरातच राहिले. उभी हयात दावे तपासण्यात गेली. मंजूर करण्यात गेली, असं म्हणायला कुणाची जीभ रेटणार नाही. आग लागली तर काडी कुणी ओढली, पाणी शिरलं तर दार कुणी उघडं ठेवलं, हे विचारता विचारता माणसाचा स्वभावच तसा होऊन गेला. बायको, विभाताई, गॅस बंद करून आल्या की हे पुन्हा जाऊन बघणार.

पण या संक्रांतीला त्यांनी कहर केला. अख्खं जयपूर गच्चीवर, आकाशात पतंगच पतंग, आणि या महाशयांनी नातीला, अनुयाला, हातात तिळाची वडी देऊन खाली घरात बसवलं. कठडा बुटका आणि मांजा धारदार. मुद्दे सगळे बरोबर होते हो! फक्त त्या दिवसापासून पोरीने रविवारी आजोबांकडे यायचं बंद केलं. उमाकांतराव वरकरणी पेपर वाचत, पण बेल वाजली की आधी त्यांचीच मान वळे. दारात दूधवाला असला की चेहरा उतरे.

शेवटी विभाताईंनीच बाजारातून एक खेळ आणला. पुठ्ठ्याच्या षटकोनी टाइल, त्यांच्यावर नदी, रान, शेत, गाव यांचे तुकडे. पाळीपाळीने एकेक उचलायची, नदीला नदी आणि रानाला रान जोडायचं, आणि सगळ्यांनी मिळून एकच मुलूख उभा करायचा. खेळ बसून खेळायचा, त्यामुळे पडायची भीती नाही. अनुयाला बोलावणं गेलं, ती आली. विभाताईंनी नवऱ्याला आत नेऊन बजावलं की आज खुसपटं काढलीत तर पोरगी पुन्हा हा उंबरा चढणार नाही. उमाकांतरावांनी मान डोलावली. अगदी मनापासून डोलावली बिचाऱ्यांनी.

अनुयाने नदीला लागून गाव ठेवलं. उमाकांतरावांनी ते हळूच उचललं आणि पुराचं कारण सांगितलं. तिने ते रानाशेजारी नेलं, तर वणव्याचं काय? शेताच्या बांधावर ठेवलं, तर वीज पडेल. बघता बघता टेबलावर इतका सुरक्षित मुलूख तयार झाला की त्यात औषधालाही माणूस नव्हता.

"आजोबा, मतलब लोकांनी राहायचं कुठे?" अनुयाने विचारलं.

मग पोरीनेच तोड काढली. गाव नदीकाठीच राहील, पण गावाने आजोबांकडे विमा उतरवलाय असं समजायचं. उमाकांतराव खुलले. विम्यात काय काय बसत नाही, हे ते हातवारे करून समजावू लागले आणि त्यांच्याच हाताचा धक्का लागून सरबताचा ग्लास आडवा झाला. नदी, गाव, शेत, सगळं पाण्यात.

"पूर आला," अनुया म्हणाली. "आता द्या."

"निष्काळजीपणामुळे झालेलं नुकसान विम्यात बसत नाही," उमाकांतरावांच्या तोंडून निघून गेलं. इतक्या वर्षांची सवय, जीभ थोडीच विचारून वळते!

निष्काळजीपणा कुणाचा, हे अनुयाने विचारलंसुद्धा नाही. तिने ओल्या टाइल उचलून फडक्यावर पसरल्या आणि दाराशी जाऊन चपला घालायला लागली. उमाकांतराव खुर्चीतून उठले. आता ही गेली की गेलीच.

"मंजूर," ते म्हणाले.

विभाताई हातातला झारा घेऊन बाहेर आल्या. नवऱ्याला बरं नाही की काय, असं त्यांना वाटलं.

"पूर्ण मंजूर," उमाकांतरावांचा आवाज चिरकला. "चूक माझी आहे. गाव परत तिथेच बांधू, नदीकाठी."

अनुयाने जरा विचार केला. टाइल आधी सुकायला हव्यात, म्हणाली, म्हणजे आता पुढच्या रविवारीच.

ओल्या पुठ्ठ्याला तोवर बुरशी धरते, हे उमाकांतरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.