गेटबाहेरची उत्तरं

केमोनंतरचे दिवस मला पाण्याखालून पाहिल्यासारखे आठवतात. बेंगळुरूतल्या राजाजीनगरच्या आमच्या घरात दुपार हलायचीच नाही. पडदा फुगायचा, मिटायचा. कुकरची शिट्टी दुसऱ्या गावाहून आल्यासारखी वाटायची. अशाच एका दुपारी हॉस्पिटलमधली समुपदेशक मुलगी घरी आली. मूळची नागपूरची, मराठी बोलायला मिळणार म्हणून खुशीत.

कॅन्सरच्या पेशंटचं मन किती तग धरतं, ते मोजायचं तिचं काम. ती एकेक वाक्य वाचणार आणि मी 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत काय ते सांगणार.

"काकू, 'वाईट बातमी आली तरी मी धीराने घेते.' बोला."

समोर माझी आई अवरेकाळूच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसली होती. आमच्या घरात वाईट बोलायचं नाही, कारण वास्तू तथास्तु म्हणते. तांदूळ 'संपले' म्हणायचं नाही, 'वाढले' म्हणायचं. बाहेर पडताना 'जाते' नाही, 'येते'. अशा घरात 'मी घाबरलेय' कोण म्हणणार? मी प्रत्येक वाक्याला 'नेहमी' म्हणत गेले आणि आई मान डोलवत राहिली.

काही दिवसांनी त्या मुलीचा फोन आला. "काकू, तुम्ही तर एकदम स्ट्राँग आहात. तुम्हाला सेशन्सची गरज नाही, तो स्लॉट मी दुसऱ्या पेशंटला देते हं."

फोन ठेवला आणि मला रडू फुटलं. मला ती मुलगी हवी होती. मरणाची भीती वाटते हे सांगायला अख्ख्या बेंगळुरूत तेवढी एकच जागा होती, आणि शहाणपणाच्या भरात मी ती घालवून बसले होते.

स्पीकरवरचं सगळं आईने ऐकलं होतं. हातातलं सूप खाली ठेवून ती म्हणाली, "तिला परत बोलाव."

मुलगी आली, तर आईने तिला पायरीवरच थांबवलं. "आत नको बाळ. स्वल्प बाहेर बसू. घरात विचारलंस तर ही खरं बोलायची नाही. रस्त्याला वास्तू नसते."

गेटबाहेर इस्त्रीवाल्याच्या गाडीशेजारी बाकडं आहे, तिथे आम्ही तिघी बसलो. वरच्या झाडाची गुलाबी फुलं सावकाश खाली येत होती. कोळशाचा ऊबदार वास येत होता. मुलीने तेच वाक्य वाचलं.

"कधीच नाही," मी म्हणाले. मग पुढच्यालाही तेच. बोलता बोलता अंग हलकं होत गेलं, गाढ झोप लागण्याआधी होतं तसं. आई रस्त्याकडे पाहत होती.

"तुमचे सेशन्स सुरू करू या, काकू," म्हणत मुलगी उठायला लागली.

"सरी, बरं," आई म्हणाली आणि तिचा हात धरून तिला परत बसवलं. "आता मला विचार."

मुलीने पहिलं वाक्य पुन्हा वाचलं. आईने वळून गेट नीट लागलंय ना ते पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "कधीच नाही."