व्याह्यांच्या गाडीची काच

सबंध कावेरीकाठी माझ्या व्याह्यांएवढा सावकाश मोटार चालवणारा गृहस्थ दुसरा नाही, आणि त्यांच्या मोटारीएवढी वेगवान मोटारही दुसरी नाही. ही दोन्ही विधाने मी पूर्ण जबाबदारीने करतो. कुंभकोणमात हल्ली तिसरेच विधान ऐकू येते: म्हातारपणी त्यांना वेगाचे वेड लागले, गाडी उधळली, पुढची काच फुटली आणि मुलीने किल्ली काढून घेतली. कॉफीच्या दुकानात हे सांगणाऱ्यांना खरी हकीकत ठाऊक नाही. मला आहे, कारण गाडीत तेव्हा दोनच माणसे होती. तिसरे मावलेच नसते.

व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. कालवे खात्यात इंजिनियर होते. सारी नोकरी त्यांनी सरकारी जीपमध्ये ड्रायव्हरच्या डाव्या हाताला बसून काढली. निवृत्तीनंतर बरीच वर्षे काही बोलले नाहीत, आणि सत्तरी उलटल्यावर एके दिवशी चेन्नईहून ट्रकवर बांधून दोन आसनांची लालभडक स्पोर्ट्स कार घरी आणली. ती इतकी बुटकी की आमच्या गल्लीतल्या गाई मान खाली घालून आत कोण बसले आहे ते पाहत. व्याही तिच्यात अनवाणी बसतात, चपला घरी ठेवून. बसण्याची पद्धतही ठरलेली: आधी पाठ आत, मग एकेक पाय, शेवटी वेष्टीचा, म्हणजे तमिळ धोतराचा, काठ. तो दारात अडकला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. हॉर्न त्यांनी कधी वाजवला नाही. हॉर्न म्हणजे माणसाच्या पाठीवर ओरडणे, असे त्यांचे मत. वाटेत कोणी आडवे आले तर ते काच खाली करून, मान बाहेर काढून, "अण्णा, जरा वाट देता का?" असे विचारतात, आणि अण्णा थांबून गाडीची चौकशी करू लागले तर उत्तरेही देतात. एकदा मंदिराच्या हत्तिणीमागून त्यांनी सबंध सन्निधीची गल्ली पार केली. मी म्हटले, "व्याहीबुवा, बाजूला जागा आहे, पुढे काढा." ते म्हणाले, "तिला घाई दिसत नाही. आपल्याला तरी कुठे आहे?"

राहुकाळात त्यांचे इंजिन चालत नाही. घरातून निघायचे नाही एवढेच बाकीचे लोक पाळतात. व्याही वाटेत असले तरी गाडी कडेला घेऊन बंद करतात. साक्कोट्टैजवळ एकदा आम्ही असे चिंचेखाली बसलो होतो. बैलगाड्या, सायकली, डोक्यावर गवताचे भारे घेतलेल्या बायका, सगळे आम्हाला मागे टाकून गेले. शेतातल्या लोकांना वाटले गाडी बिघडली. त्यांनी कंबर कसून ढकलायला सुरुवात केली. मी विचारले, "हे राहुकाळात चालते का?" व्याह्यांनी हात स्टिअरिंगवर ठेवून शांतपणे सांगितले, "इंजिन बंद आहे. मग प्रवास कसा झाला? आपण बसलोच आहोत, जमीन मागे जाते." गावाच्या वेशीपर्यंत त्यांनी असे मुहूर्ताला धक्का न लावता अंतर कापले.

पण साऱ्यांत कठीण ते स्पीडब्रेकर. दोन माणसांच्या वजनाने गाडीचे पोट उंचवट्याला घासते. म्हणून प्रत्येक स्पीडब्रेकरशी व्याही थांबतात आणि शेजाऱ्याकडे आदराने पाहतात. शेजाऱ्याने उतरायचे, उंचवटा चालत ओलांडायचा, पलीकडे पुन्हा बसायचे. आमच्याकडचे स्पीडब्रेकर कोणी मोजलेले नाहीत, पण नाचियारकोविलला मी स्पोर्ट्स कारने गेलो असे म्हणण्यापेक्षा स्पोर्ट्स कारबरोबर गेलो असे म्हणणे अधिक खरे आहे.

तिथे जायचे कारण समई. नातवाच्या मुंजीसाठी मी नाचियारकोविलला पितळी समई घडवायला सांगितली होती, कमरेएवढी उंच, माथ्यावर हंस असलेली. निघताना सूनबाईने वडिलांना बजावले, "अप्पा, गाडीला एक ओरखडा दिसला की किल्ली माझ्याकडे. तुमचं वय झालंय. मला रोज धास्ती घेऊन कॉलेजात शिकवता येत नाही." ("वय झालंय" हे तिने आमच्या घरच्या जुन्या तंजावरी मराठीत म्हटले. ती तशीच लिहिली तर पुण्याच्या वाचकाला बखर उघडल्यासारखे वाटेल, म्हणून मी सारे बोलणे जरा सरळ करून लिहितो आहे.) व्याही तिला म्हणाले, "मान्य." एवढेच. पण मी त्यांचा चेहरा पाहिला. ती गाडी गेली तर त्यांनी पुन्हा कोणाच्या तरी डाव्या हाताला बसायचे होते.

समई पेचांची असते. हंस, दांडा, बैठक वेगवेगळी करता येतात. कारागीर तशी करून गोणपाटात बांधायला निघाला, तर मीच अडवले. नवी समई तुकडे करून घरी नेतात का, असे मी म्हणालो. खरे कारण वेगळे होते. नाचियारकोविलच्या बसथांब्याशी कॉफीच्या दुकानापुढच्या बाकावर आमच्या शाळेचे जुने हेडमास्तर रोज बसतात, हे मला ठाऊक होते. मी गणित शिकवीत असताना रोज उन्हात बसची वाट पाहत उभा असे आणि ते आपल्या पांढऱ्या मोटारीतून माझ्यासमोरून निघून जात. काच खाली करून कधी "येता का?" म्हणाले नाहीत. आज मला त्यांच्यासमोरून जायचे होते: लाल गाडीतून, मांड्यांत समई धरून, हंस माझ्या नाकासमोर झळकत असताना.

आणि नेमका थांब्यासमोर स्पीडब्रेकर. व्याही थांबले, माझ्याकडे आदराने पाहू लागले.

"चला पुढे," मी म्हणालो.

"व्याहीबुवा, उंचवटा आहे."

"आज मी उतरत नाही. चला!"

मुलाच्या बापाने असे म्हटल्यावर मुलीचा बाप काय करणार? त्यांनी गाडी हलवली. हेडमास्तर बाकावर होते. त्यांनी मान वर केली. मी नमस्कार केला. एका हाताने नमस्कार करणे मला शोभले नसते, म्हणून दोन्ही हातांनी केला. पुढचे चाक उंचवट्यावर चढून उतरले आणि हंसाने पुढच्या काचेवर चोच मारली.

काचेवर आधी चांदणी उमटली, मग तिच्यापासून एक रेघ निघाली आणि पाहता पाहता व्याह्यांच्या बाजूला पोचली. त्यांनी गाडी कडेला घेतली. उतरले, बाहेरून पाहिले, आतून पाहिले, वाकलेली चोच पाहिली. माझ्या हातांकडे पाहिले. ते अजून जोडलेलेच होते. "दगड," ते म्हणाले. "वाळूच्या लॉरीतून उडाला. आपण दोघांनी पाहिला."

मी हो म्हणालो. किल्ली त्याच संध्याकाळी आमच्या घरी आली. सूनबाईने ती देवघरात खिळ्याला टांगली, नव्या समईच्या शेजारी.

गाडी मात्र तशी ठेवून चालणार नव्हती, म्हणून तिरुच्चीहून काच बसवणारा माणूस आला, मोठ्या खोक्यात काच घेऊन. व्याह्यांनी शेडला आंब्याची पाने बांधली होती. त्यांनी नव्या काचेच्या काठावर गंधाचा ठिपका लावला. त्या माणसाने तो पुसला. गंधावर गोंद धरत नाही म्हणाला. व्याह्यांनी तो मध्यभागी लावला. मग काठाची जुनी गोंदपट्टी कापून त्याने फुटकी काच उचलली, उन्हात धरली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि सहज म्हणाला, "सार, हा मार आतून बसलाय."

सूनबाई तिथेच उभी होती. मीही, हातात कॉफीचा पेला घेऊन.

"आतून?" ती म्हणाली. "अप्पा, दगड आतून कसा लागला?"

व्याह्यांनी क्षणभरच विचार केला. "खिडकीतून आत आला होता. बाहेर निघाला होता, बिचारा."

काच बसवणारा हसला. सूनबाई हसली नाही. बापाला गाडी आवरत नाही एवढेच तिला आतापर्यंत वाटत होते; आता त्यांना काय घडले तेही आठवत नाही, असे तिच्या चेहऱ्यावर दिसले. त्या वेळी मी तोंड उघडायला हवे होते. मी कॉफी प्यालो. गोंद वाळेपर्यंत दार आपटायचे नाही असे सांगून तो माणूस गेला, तर व्याही गल्लीत घरोघर फिरून सर्वांना आपापली दारे हळू लावायची विनंती करून आले. हेही पुढे त्यांच्या डोक्याच्या खात्यात जमा झाले. वास्तविक ते पहिल्यापासूनच असे आहेत.

त्यानंतर गाडी शेडमध्येच राहिली. व्याही रोज सकाळी नवी काच पुसत, चपला काढून आत बसत आणि काचेतून समोरच्या भिंतीकडे पाहत. राहुकाळ लागला की उतरत. इकडे मी रोज संध्याकाळी देवघरात समई लावी. हंसाची चोच वाकडी आणि शेजारी किल्ली. वाती सारख्या करताना दोन्ही डोळ्यांपुढे येत.

एका संध्याकाळी सूनबाई माझ्यामागे येऊन उभी राहिली. "मामंजी, अप्पांना तंजावरला डॉक्टरांना दाखवते म्हणते. तो दगड माझ्या डोक्यातून जात नाही. हळूहळू ते आपल्यालाही ओळखणार नाहीत का हो?"

"दगड नव्हता, सूनबाई," मी म्हणालो. "हंस होता."

आता डॉक्टरांकडे दोघांना न्यावे लागणार, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिले. मी तिला चोच दाखवली. मग बसथांबा, हेडमास्तर, नमस्कार, सगळे सांगितले. तिने वाकड्या चोचीवरून बोट फिरवले. मग तिने खिळ्यावरची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. "तुम्हीच नेऊन द्या," ती म्हणाली. "आणि चालत जा."

मी चालत गेलो. वाटले होते व्याही आनंदतील. ते चिडले. "इतके महिने मी तो दगड सांभाळला, आणि तुम्ही सांगून टाकलंत? मुलीचा बाप मी. व्याह्यांच्या हातून माझ्या गाडीत काही फुटलं, असं मी माझ्या तोंडानं म्हणायचं होतं का?" किल्ली त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. पंचांग पाहिले. मग चपला काढल्या.

आम्ही नाचियारकोविलच्या रस्त्याला लागलो. नवी काच इतकी निर्मळ होती की दोन्हीकडची भाताची शेते मांडीवर घेतल्यासारखी वाटत होती. वाटेतले सगळे स्पीडब्रेकर मी निमूट चालत ओलांडले. थांब्यासमोरच्या उंचवट्याशी गाडी थांबली तसा मी दाराला हात घातला.

"बसा," व्याही म्हणाले. "आधी नमस्कार करा."

म्हणजे मी त्या दिवशी का उतरलो नाही, हे त्यांना तेव्हाच कळले होते.

मी बाकाकडे पाहिले. बाक रिकामा होता. दुकानदार म्हणाला, हेडमास्तर गेल्या महिन्यात गेले. मागे एक रिक्षा येऊन थांबली, हॉर्न वाजवू लागली. व्याह्यांनी मान बाहेर काढून रिक्षावाल्याला सांगितले, "अण्णा, जरा थांबता का? यांचा नमस्कार राहिलाय."

मी दोन्ही हात जोडले. मग उतरलो आणि उंचवटा चालत ओलांडला. गुडघे आता वेळ घेतात. पलीकडे व्याही गाडी थांबवून, माझ्या बाजूचे दार उघडे धरून बसले होते.