तपासणीपुरता चांगला हात

डॉक्टरबाईंनी माझ्या नवऱ्याला खुर्चीतून उठून दारापर्यंत चालून यायला सांगितलं. मग अंगठा आणि शेजारचं बोट भराभर एकमेकांवर आपटायला सांगितलं. शेवटी एक कोरा कागद पुढे ठेवला आणि गोगलगायीच्या शंखासारखा, मधून सुरू होऊन बाहेर वाढत जाणारा गोल काढायला सांगितला. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे मला, रोज शिवणकाम करणारीला, सुईत दोरा ओवायला सांगण्यासारखं होतं. ह्यांनी पेन उचललं. गोल बाहेर वाढेचना, मधल्यामध्येच घुटमळला, आणि रेघेला करवतीसारखे बारीक दाते पडले.

"हा पार्किन्सन्स डिसीज आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन तयार होतं, त्यावर आपल्या हालचाली चालतात. ते कमी होत गेलं की माणूस मंदावतो, अंग आखडतं, हात थरथरतो. आजार मुळापासून बरा होत नाही, पण औषध आणि व्यायामाने बरीच वर्षं नीट जगता येतं, असं त्यांनी सावकाश समजावलं. आमचा एमआरआय, म्हणजे मेंदूचा फोटो, अगदी स्वच्छ आला होता. रिपोर्ट चांगला म्हणजे माणूस चांगला, अशी माझी समजूत. पण तो फोटो दुसरा काही आजार नाही ना हे बघण्यासाठी असतो. पार्किन्सन्स मुख्यतः माणसाला बघूनच ओळखतात.

मास्तरांनी (मी ह्यांना घरात मास्तरच म्हणते) एकच गोष्ट विचारली. तो गोल काढलेला कागद परत मिळेल का? डॉक्टरबाई म्हणाल्या, तो फाइलला राहतो. बाहेर आल्यावर आजाराबद्दल एक अक्षर नाही. इतकं घाणेरडं चित्र आपल्या नावाने कुणाच्या तरी कपाटात पडून राहणार, याचंच ह्यांना दुःख.

माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. नवी मुंबईत, जुईनगरला घरातच मी ब्लाउज शिवते, माणसाचा खांदा कसा उतरतो ते मला लांबून कळतं. चालताना ह्यांचा उजवा हात हलत नव्हता, शर्टाची ती बाही नुसती लोंबायची. मी म्हटलं, खांदा धरला असेल. अक्षर मुंगीएवढं झालं, तर म्हटलं चष्म्याचा नंबर वाढला. दूध करपल्याचा वास येईना, तर सर्दी. आणि चेहरा असा मख्ख की मला वाटायचं, माझ्यावर रागावलेत. मग मीही अबोला धरला. बिचारा माणूस माझ्याकडे बघून हसत होता, आणि ते हसू तोंडावर उमटतच नव्हतं. याला मास्क्ड फेस म्हणतात, म्हणजे चेहऱ्याचे स्नायू आखडून भाव न दिसणं. तुमच्या घरात कुणी असं उगाच घुम्यासारखं वागत असेल तर भांडण नंतर करा, आधी दाखवून या.

लेव्होडोपाच्या गोळ्या सुरू झाल्या. मेंदूत कमी पडलेलं डोपामिन त्यातून मिळतं. सुरुवातीला फरक इतका चांगला की मास्तर पुन्हा स्वतःच्या हाताने दाढी करू लागले. पण लोकांत जायचं बंदच झालं. जुईनगरपासून नेरूळपर्यंत ह्यांचे विद्यार्थी पसरलेले. मेडिकलवाला विद्यार्थी, बँकेतली मॅडम विद्यार्थिनी, सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा. आम्ही दोघंही साताऱ्याकडचे, आजार चारचौघांत बोलायचा नाही हे अंगात मुरलेलं. मास्तर हात खिशात घालून लांबच्या रस्त्याने फिरायचे आणि ओळखीचं कुणी दिसलं की वळायचे. रंगांची पेटी तर माळ्यावरच गेली.

आता चूक सांगते. अशी चूक फक्त चित्रकलेचा मास्तरच करू शकतो.

पुढच्या तपासणीला पुन्हा तो गोल काढायला लागणार, हे ह्यांना माहीत होतं. मग रोज सकाळी शाळेतल्या जुन्या परीक्षेच्या पेपरांच्या पाठकोऱ्या बाजूवर गोल काढायची तयारी सुरू झाली. करंगळी कागदावर टेकवायची, मनगट न हलवता खांद्यातून हात फिरवायचा, श्वास रोखायचा. बोर्ड रंगवणाऱ्यांच्या या सगळ्या युक्त्या ह्यांना येत होत्या. मी कौतुकाने चहा नेऊन द्यायचे, मला तो व्यायाम वाटायचा. तपासणीच्या दिवशी तर गोळी घरी न घेता हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये घ्यायची, म्हणजे नंबर येईपर्यंत ती बरोबर लागू होई. आत जाऊन मास्तरांनी असा सुबक गोल काढला की डॉक्टरबाई खूश झाल्या. "छान सुधारणा आहे, हाच डोस चालू ठेवू," म्हणाल्या. घरी कसं आहे, हे त्यांनी मलाही विचारलं. मी ह्यांच्याकडे बघितलं आणि ठीक आहे म्हटलं. हेच नाटक आम्ही त्याच्या पुढच्या वेळीही केलं.

घरी काहीच ठीक नव्हतं. दुपारच्या जेवणाआधी हात लाकडासारखा व्हायचा. दारातून जाताना पाय जमिनीला चिकटायचे. याला फ्रीझिंग म्हणतात: डोकं म्हणतं चल, पाय ऐकत नाहीत. एका दुपारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाय थांबले आणि अंग पुढे गेलं. मी कणीक मळत होते, तशाच हातांनी धावले. कपाळाला टाके पडले. हाड मोडलं नाही, हे नशीब.

त्या पडण्यानंतर टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी आम्हाला ऑक्युपेशनल थेरपीला पाठवलं. बटण लावणं, चमचा धरणं, लिहिणं अशी रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून दिलेली ही उपचारपद्धती. तिथे प्राची भेटली. शिरवणे गावातली, तिथल्याच जुन्या शेतकरी घरातली मुलगी, बोलायला फटकळ. तिने ह्यांना काहीही काढून दाखवा म्हटलं. मास्तरांनी पेन्सिलीला टोक केलं, समास आखला, करंगळी टेकवली आणि एक घडा काढायला घेतला. काढला की पुसायचा, पुन्हा काढायचा. प्राचीने थोडा वेळ बघितलं आणि खोडरबर उचलून स्वतःच्या एप्रनच्या खिशात टाकलं. आतापर्यंत 'सर, टेन्शन नका घेऊ' असं बोलणारी पोरगी एकदम घरच्या बोलीवर आली.

"काका, मना चित्र नको हाय. मना तुमचा हात बगायचा हाय."

मास्तर चिडले. वर्गात ह्यांचं खोडरबर कुणी घेतलं नव्हतं. पण तिने सांगितलं ते मी घरी आल्यावर कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं. इन्ट्यूटिव्ह आर्ट जर्नल, म्हणजे आधी काही न ठरवता, मनात येईल तसं रोज वहीत काढायचं. चांगलं यायची अट नाही. पुसायचं नाही, फाडायचं नाही. एकदा गोळी लागू असताना काढायचं, एकदा ती उतरत आल्यावर, आणि कोपऱ्यात वेळ घालायची.

"हे बालवाडीचं काम आहे," मास्तर म्हणाले. पहिल्या पानावर काळ्या खडूने इतकं जोरात गिरगटलं की पान फाटलं. ते बघून मला भीती वाटली, आणि खरं सांगते, बरंही वाटलं. एवढा राग कुठे तरी होता आणि मला मात्र मख्ख चेहराच दिसत होता. पुढची पानं नुसत्या ठिपक्यांची. दाराची बेल वाजली की वही उशीखाली जायची.

मग माळ्यावरून रंगांची पेटी खाली आली. एका दुपारी ब्रश कागदावर टेकला आणि हात तिथेच थांबला. निळ्या रंगाचं डबकं साचत गेलं. एरवी ह्यांनी पान चुरगाळलं असतं. त्या दिवशी डाव्या हाताने वही हळूच तिरकी केली. रंग ओघळला, फाटे फुटले, आणि मास्तर वाकून बघत बसले. जेवायला दोनदा हाक मारली तरी पत्ता नाही. पान वाळल्यावर म्हणाले, खाडीला ओहोटी लागल्यावर चिखलात अशाच वाटा पडतात. कितीतरी महिन्यांनी हा माणूस आजाराशिवाय दुसरं काही बोलत होता.

तिथून प्रयोग सुरू झाले. डोळे मिटून काढायचं. डाव्या हाताने काढायचं. चहाचं पाणी, हळद, बीटचा रस. माझ्या टोपलीतल्या ब्लाउजच्या चिंध्या खळीने चिकटवल्या, तर त्या पानावर मुंग्यांची रांग लागली आणि वही दोन दिवस उन्हात ठेवावी लागली. कोरडा ब्रश थरथरत्या हातात नुसता धरून ठेवला तर खारफुटीच्या पानांचा दाट पुंजका आपोआप उमटतो, हा शोध ह्यांचाच. थरथर नसेल तेव्हा तो पुंजका जमायचा नाही, तर गोळी लवकर लागू झाली म्हणून कुरकुर करायचे. प्राचीने मोठे कागद घ्यायला सांगितले, कारण या आजारात हालचाल आकसत जाते, ती मुद्दाम मोठी करावी लागते. हॉलच्या फरशीवर कागद पसरले की मला शिलाई मशीनपर्यंत उड्या मारत जावं लागे. मीही कधीमधी एखादं पान काढते. माझी रेघ त्यांच्यापेक्षा बिनधास्त आहे, असं मास्तरांचं मत आहे.

पण वही डॉक्टरबाईंना दाखवायची म्हटल्यावर पुन्हा नकार. ती माझी खाजगी गोष्ट आहे, असं म्हणाले. मी रिक्षात भांडले. तुम्हाला तिथे पहिला नंबर हवा आहे की घरात नीट चालायचं आहे, असं सरळ विचारलं. रिक्षावाला आरशातून बघत होता, बघू दे म्हटलं. त्या दिवशी गोळी मी घरीच, तिच्या वेळेला दिली होती. वेटिंग रूममध्ये नंबर लांबला. गोळी उतरायला लागली आणि हाताची थरथर सुरू झाली. मास्तर त्या हातावर बसले. समोरच्या बाकावर पाच-सहा माणसं होती, कुणाचंही लक्ष नव्हतं.

आत गेल्यावर डॉक्टरबाईंनी सवयीने कोरा कागद पुढे केला. ह्यांनी तो बाजूला सारला. तसं करतानाही कागद फडफडत होता. मग पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली आणि मान खाली घालून म्हणाले की आधीचे गोल पाठ करून काढलेले होते.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. बाहेर पेशंट खोळंबले होते तरी पानं उलटत राहिल्या. सकाळची रेघ मोकळी, जेवणाआधीची मुंगीएवढी, पुन्हा चारच्या सुमाराला मोकळी. पानामागून पान तेच. "दुपारी तुमच्या घरी काय होतं ते मला इथून दिसत नाही, सर," त्या म्हणाल्या. "आज पहिल्यांदा दिसलं."

याला वेअरिंग ऑफ म्हणतात, म्हणजे पुढच्या गोळीची वेळ होण्याआधीच आधीच्या गोळीचा असर संपणं. त्यांनी गोळ्यांच्या वेळा जवळ आणल्या, डोस बदलला. गोळी मी डाळभाताबरोबर देत होते, तेही थांबवलं. डाळ, दूध, अंडी यांतल्या प्रथिनांमुळे ती नीट शोषली जात नाही, म्हणून आता जेवणाच्या बरंच आधी देते. हे आमच्यापुरतं, तुमचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. शर्टाची बटणं मी वरून नुसती दिसायला ठेवलीत, आतून वेल्क्रो शिवलंय. आणि तपासणीला जाताना आपल्या माणसाला नटवून नेऊ नका. जसं आहे तसं न्या, आणि ते ठीक म्हणत असतील तर तुम्ही मध्ये बोला.

दुपार आता पुष्कळ बरी जाते. आजार गेलेला नाही. काही दिवस शर्ट घालण्यातच सकाळ सरते आणि मास्तर माझ्यावर ओरडतात, मीही ओरडते. पुढे काय होणार हे आठवून मला मशीनवर बसल्या बसल्या रडू येतं. ते कुणालाही येईल, त्यात कमीपणा नाही.

गेल्या हिवाळ्यात नेरूळच्या खाडीकडे आम्ही दोघं संध्याकाळचे बसलो होतो. लांब पाण्यात फ्लेमिंगो उतरले होते. मास्तर वही मांडीवर घेऊन गुलाबी रंगाचे फटकारे मारत होते. तेवढ्यात ट्रॅकसूट घातलेली एक बाई थांबली आणि वाकून नमस्कार करायला लागली. ह्यांची जुनी विद्यार्थिनी. मी घाबरून ह्यांच्याकडे बघितलं, हात चांगलाच हलत होता. तिने तो पाहिला आणि पटकन नजर वळवली.

"अगं, तिकडे काय बघतेस?" मास्तर म्हणाले. "पार्किन्सन्स झालाय मला. हात असाच चालतो आता. बस इथे."

ती बसली. ह्यांनी वही तिच्या हातात दिली. वाकड्या, दातेरी रेघा, डबकी, माझ्या चिंध्या. ती एकेक पान उलटत गेली. एका पानावर आल्यावर ह्यांनी तिला थांबवलं. खारफुटीचा तोच दाट पुंजका, थरथरत्या ब्रशचा.

"हे चांगलं आलंय," मास्तर म्हणाले.

इतकी वर्षं संसार केला. ह्यांच्या चित्रांना बक्षिसं मिळाली, शाळेच्या भिंती ह्यांनी रंगवल्या. पण स्वतःच्या कामाला चांगलं म्हणताना मी ह्यांना तोवर कधीच ऐकलं नव्हतं.