टिटवीपुरती जागा वजा

आमचे हे शेती अनुदानाच्या कार्यालयात पाहणीला असतात. शेतकऱ्याने अर्जात जेवढी पेरणी लिहिली, तेवढी शेतात खरंच आहे का, हे जाऊन मोजायचं. मोजणी जुळली तर सरकारचे पैसे मिळतात, नाहीतर बसा वर्षभर हात चोळत. लोक ह्यांना 'टेपवाले' म्हणतात. विहीर वजा, गोठा वजा, झाडाखालची पडीक जागासुद्धा वजा! परवा बाजारात एक बाई मला चक्क 'टेपवालीण' म्हणाली. काय करणार, हसले झालं.

तर यंदा माझ्या दादाचं शेत ह्यांच्या यादीत आलं. "मेहुण्याचं आहे, दुसऱ्या कुणाला द्या," असं ह्यांनी वर सांगून पाहिलं, पण दुसरा निरीक्षक पाय मोडून घरी पडलेला. शेवटी हेच निघाले. माहेरचा चहा मिळेल म्हणून मीही स्कूटरवर मागे बसले.

शेत छान उगवलं होतं. मधोमध मात्र खोलीएवढा तुकडा मोकळा. पेरताना तिथे टिटवीची चार अंडी दिसली, म्हणून दादाने ट्रॅक्टर वळवून नेला होता. अर्जातून ती जागा वजा करायची, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. पाखराला दिलेली जागा कोण मोजतं?

आमचे हे मोजतात. डोक्यावर टिटव्या कर्कश ओरडत घिरट्या घालतायत आणि हे वाकून वहीत आकडे लिहितायत.

"अहो, एवढंसं सोडून द्या की!"

"मोजलं ते मोजलं."

"अख्खा अर्ज बाद होईल! त्या पैशांतून दादाचा पंप यायचाय!"

"माहीत आहे मला."

माझं डोकंच फिरलं. दादाला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "आज संध्याकाळी ट्रॅक्टर फिरव, पेरून टाक, आणि उद्या बोलव ह्यांना परत मोजायला." दादा बिचारा मान खाली घालून उभा.

तेवढ्यात ह्यांनी टेप गुंडाळली, अहवालाचा कागद कोराच खिशात घातला आणि म्हणाले, "दादा, बसा मागे." गेलेसुद्धा! मी बांधावर तोंड बघत उभी. अहवाल जाण्याआधी शेतकऱ्याने आपणहून चूक दुरुस्त केली तर चालते, हे मला मागाहून कळलं.

पुढचं दादाने सांगितलं. हे त्याच्याबरोबर आपल्याच कार्यालयात पावणेदोन तास रांगेत उभे राहिले. खिडकीवरचा कारकून उठूनच उभा राहिला. "साहेब, आत या ना!"

"अर्जदार बाहेर उभे आहेत," हे म्हणाले.

जागा वजा करायची तर कारण हवं. फॉर्मात विहीर होती, गोठा होता, रस्ता होता. टिटवी कुठून असणार? "इतरमध्ये लिहा," हे दादाला म्हणाले, "आणि जे आहे तेच लिहा." दादाने लिहिलं आणि अर्ज बाद होता होता वाचला. कापले गेले ते पैसे चहा-बिस्किटांपुरते.

संध्याकाळी घरी आल्यावर मी विचारलं, "दुरुस्तीची मुदत परवापर्यंत होती म्हणे. मग जेवणखाण सोडून एवढी कसली घाई?"

हे बूट काढत होते. "उद्यापर्यंत अंडी राहिली नसती."

"का? दादाने काही केलं नसतं हं!"

"दादांनी नसतंच केलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगते, दादा नाही म्हणाला असता तर मीच ट्रॅक्टरवर चढले असते. ह्यांना ते बांधावरच कळलं होतं, आणि तरी घरी येईपर्यंत एका शब्दाने मला बोलले नाहीत.