धुतलेली वाळू

शिरूरजवळच्या आमच्या कारखान्यात रिसेप्शनला खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी होती. ती सांभाळायला केंदूरकडचे एक म्हातारे शिपाई होते, उमेदीत मेंढरं राखलेले. आम्ही त्यांना नुसतं मामा म्हणायचो. नाव कधी विचारलं नाही. सकाळी खाणं टाकताना ते मेंढरांना देतात तशी बारीक हाळी द्यायचे, आणि मासे खरंच काचेपाशी यायचे.

नवी मोठी टाकी आली, तेव्हा मामांनी जुनी वाळू आणि दगड बोअरच्या पाण्यानं घासून पांढरेशुभ्र केले, नव्या टाकीत अंथरले आणि मासे त्यात सोडले. मेंढरांचा तळ हलवला की जुन्या जागेची घाण पुढं न्यायची नाही, ही त्यांची रीत. साहेबांनी शाबासकीही दिली. त्या घाणीतल्या बारीक जंतूंवरच टाकीतलं पाणी जिवंत राहतं, हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. आठवड्याभरात मासे एकेक करून उलटे तरंगायला लागले.

मामा स्टुलावर बसून बघत राहायचे. एकदा मला म्हणाले, "मेंढरू मरायच्या आधी वरडतं तरी. ह्यांचं काय दुखतंय, त्ये कळंनाच."

शेवटी एक पिवळा मासा उरला. सकाळी तो आपणहून काचेपाशी येऊन थांबला. मामांनी खाणं टाकलं. हाळी दिली नाही.