निबर मूठ

गाडी माझ्याखालून निघून गेली, तरी मी हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करून अंगणात तसाच उभा होतो. रेसची मूठ मी हळूच पिळली होती, म्हणजे माझ्या मते हळूच. गाडीचं मत वेगळं पडलं. तिनं पुढचं चाक उचललं, मला दोन पायांवर सोडलं आणि एकटीच जाऊन कडब्याच्या गंजीत नाक खुपसून बंद पडली.

समोरच्या ओट्यावर आमचे चुलते बसले होते. त्यांनी तंबाखू मळायची थांबवली आणि विचारलं, "उतरायची ही नवी रीत हाय का रे?"

बायको पिठाच्या हातांनी दारात आली. तिनं आधी गंजीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"लागलं का?"

"न्हाई."

"मग हात खाली घ्या."

मी हात खाली घेतले. मग खिशात घातले.

ही गाडी माझ्या भाच्याची. डोंगरात, दगडधोंड्यांतून पळवायची ती उंच मोटारसायकल. तो नोकरीसाठी परदेशी गेला आणि जाताना म्हणाला, "मामा, तुमच्याकडं ठेवतो. वापरा, नुसती उभी करू नका." त्यानं तिला स्वतःच्या हौसेपुरतं तिखट करून ठेवलं होतं. मूठ जराशी पिळली की सगळा जोर एकदम मागच्या चाकात. मी गावातला किराणा दुकानदार. उभं आयुष्य मी साखर तोलताना शेवटची चिमूट सोडण्यात घालवलेलं. एकदम काही देणं माझ्या हाताच्या सवयीत नाही, आणि एकदम काही घेणंही नाही.

तरी मला ती गाडी हवी होती, त्याला कारण होतं येळवस.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं घरादारानं शेतात जायचं असतं. कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी करून आत पाच खड्यांची पूजा मांडायची, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे खायचे, ताकातली आंबील प्यायची. आंबिलीचं मडकं घरच्या बाईनं शेतापर्यंत न्यायचं आणि वाटेत खाली टेकवायचं नाही, ही आमच्या घरची रीत. आमचं शेत गावामागच्या डोंगराच्या पलीकडच्या उताराला. पूर्वी बैलगाडी जायची. मग एका पावसाळ्यात वाट वाहून गेली आणि दगडांची पायवाट तेवढी उरली. बायकोचे गुडघे त्याच सुमाराला गेले. मागल्या साली ती पहिल्यांदा येळवसीला घरी राहिली. मी शेतातून आलो तेव्हा तिनं परातीत पाच खडे मांडून पूजा केलेली होती. मला पान वाढून ती गुडघे चोळत बसली. मला मात्र ती परात वर्षभर दिसत राहिली.

म्हणून यंदा तिला गाडीवर न्यायचं ठरलं. ठरवलं मीच, भर जेवणात, सगळ्यांदेखत. माझी बहुतेक संकटं भर जेवणातच ठरतात.

त्या पायवाटेवर एक जागा आहे. डाव्या हाताला डोंगर आणि उजव्या हाताला घळ. मधे गाडीपुरती वाट, तीही सपाट नाही. मी दोनदा एकटा गेलो आणि दोन्ही वेळा तिथं उतरून गाडी ढकलत नेली. कारण माझ्या लक्षात आलं होतं की खड्ड्यात चाक गेलं की अंग मागं जातं, अंग मागं गेलं की मनगट मागं जातं, मनगट मागं गेलं की रेस वाढते, आणि रेस वाढली की अंग आणखी मागं. मग थांबवायचं कोणी? बाजूला घळ होतीच.

भाच्याला फोन लावला. तो हसला. "मामा, तिला घाबरायचं न्हाई. मोकळं सोडायचं." हे ऐकून मला जास्तच भीती वाटली.

सोनपेठच्या बाजाराच्या दिवशी मी गाडी मिस्त्रीकडं नेली. आता मी जे बोललो ते नीट ऐका, कारण सगळं त्यातच आहे. मी म्हणालो, "मिस्त्री, रेस जरा हलकी करून द्या. बायकोला बसवायचंय."

"हलकी?"

"एकदम हलकी."

मिस्त्री मनापासून कामाला लागला. मी बाजार करून आलो तर गाडी तयार. डांबरी रस्त्यावर तर ती लोण्यासारखी चालली. मनगटाला ओढ नाही, त्रास नाही. मी खूश होऊन गावच्या वेशीत दोघा-तिघांना हात केला.

पण बायकोला बसवायच्या आधी परीक्षा घ्यायची होती. तिच्या वजनाचं काहीतरी मागं बांधायला हवं. वजन किती, हे विचारायची हिंमत झाली नाही. दुकानात मोठा काटा असूनही संसारात काही गोष्टी अंदाजानंच तोलाव्यात. मी ज्वारीचं एक पोतं घेतलं, थोडं कमी केलं, मग शरम वाटून परत भरलं. कोपऱ्यात फाटलेलं ते पोतं बायकोनंच तिच्या जुन्या जांभळ्या लुगड्याची पट्टी लावून शिवलं होतं. ते सीटवर उभं बांधलं आणि निघालो.

वाटेत चुलते भेटले. "कोणाला पळवून नेतूस?"

"धान्य हाय, काका."

"धान्याला लय जपून बसवलंय."

घळीच्या कडेला आलो. पहिला गिअर. जीव मुठीत, आणि मूठ कशी म्हणाल तर बोट टेकलं तरी फिरेल अशी. पुढचं चाक एका दगडावर चढलं, माझं अंग मागं गेलं. पुढचं मी केलं असं म्हणता येत नाही. गाडी किंचाळली, पुढून उठली, मी डोंगराच्या बाजूला पडलो आणि गाडी माझ्या पायावर. पोतं उजवीकडं गेलं.

मी मान वळवून बघितलं. ते एकदा आपटलं, दुसऱ्यांदा आपटलं आणि फुटलं. ज्वारी खळखळत घळीत पसरत गेली. बराच वेळ बारीक खळखळ ऐकू येत होती, मग तीही थांबली. पार खाली, दगडात, जांभळी पट्टी दिसत होती.

ते पोतं होतं हे मला माहीत होतं. तरी मी तिला हाक मारली. पोत्याला नाही, तिला. मग आजूबाजूला कोणी ऐकलं का ते बघितलं आणि पायावरची गाडी काढली.

घरी आलो तर ती म्हणाली, "पायाला काय झालं?"

"लागलं जरा."

"अन् ज्वारीचं पोतं?"

"विकलं."

"बरं," ती म्हणाली.

पुढचे पंधरा दिवस मी माझा होतो असं वाटत नाही. गिऱ्हाइकानं तूरडाळ मागितली तर मी पोत्यात माप घालायचो आणि माप तिथंच राहायचं. डाळ खळखळली की मला घळ दिसायची. अमावस्या जवळ येत होती. तिनं आंबिलीसाठी मडकं आणलं, धुऊन उन्हात पालथं घातलं. येता-जाता मला ते मडकं दिसायचं.

एकदा मी म्हणून बघितलं, "यंदाबी घरीच करू का? थंडी लय हाय."

ती भाजी निवडत होती. मान वर केली नाही. "मागल्या साली केली की घरी. परातीत." मग निवडलेली भाजी बाजूला सारून म्हणाली, "मला माझं शेत बघायचंय. तुमी भ्यालात तर सांगा, मी बसत बसत चालत जाईन."

गुडघ्यांनी ती अर्ध्या वाटेतच बसली असती. मी म्हणालो, "मी कशाला भिऊ?" आणि दुसऱ्याच दिवशी सोनपेठ गाठलं.

मिस्त्रीनं हात पुसत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, तुमीच म्हणले ना हलकी करा? केली. नवी वायर टाकली, तेल सोडलं, आतली स्प्रिंग बारीक बसवली. आता मुंगी बसली तरी फिरंल."

"अहो, हलकी म्हणजे हळू!"

"हळू म्हणजे हळू. हलकी म्हणजे हलकी."

"मला गाडी नरम पाहिजे!"

"गाडी नरम का मूठ नरम? एक काय ते सांगा."

मला सांगताच येईना. शब्द माझ्या तोंडात होते, पण प्रत्येक शब्दाला मिस्त्रीकडं वेगळाच अर्थ होता. समोर रस्त्याच्या कडेला एक बाई भेंडी घेत होती. एकेक भेंडीचा शेंडा मोडून बघायची. मोडला तर पिशवीत, नाही मोडला तर "ही निबर हाय" म्हणून परत ढिगात. भेंडीवालीशी तिचं जोरात भांडण चाललं होतं. मी ओरडलो, "निबर! मूठ निबर करा, मिस्त्री!"

भेंडीवालीनं माझ्याकडं रागानं बघितलं. मिस्त्री मात्र हसला. "आस्सं बोला की. मूठ निबर, म्हणजे गाडी कवळी."

मग त्यानं सगळं उलट केलं. मुठीत ज्या गोल चाकावर वायर गुंडाळते ते भाच्यानं मोठं बसवलं होतं. पाव फेऱ्यात सगळा जोर खेचणारं. त्या जागी साध्या गाडीचं लहान चाक बसवलं. स्प्रिंग जाड टाकली. वायरला थोडी ढील दिली, म्हणजे मूठ सुरुवातीला नुसतीच फिरणार, गाडीला पत्ता लागणार नाही. मागचं मोठं चैन-सॉकेट काढून तिथं मूळचं लहान बसवलं.

"आता मनगट दुखंल, पर उडी मारणार न्हाई," तो म्हणाला. "अन् कडंला पहिल्या गिअरवर घालू नका. दुसऱ्यावर, निवांत."

"बंद पडली तर?"

मिस्त्रीनं खांदे उडवले. "पडंल बी."

म्हणजे एक भीती मिस्त्रीकडं ठेवून दुसरी घेऊन आलो. आता गाडी उसळणार नव्हती. कडेला बंद पडून उभी राहणार होती, मागं बायको, तिच्या हातात मडकं, आणि खाली टेकायला माझ्या पायाची बोटंच तेवढी पुरणार. घळीजवळ परीक्षा घ्यायचं धाडस मला झालं नाही. एकदा निघालो, पण लांबूनच ती जागा दिसल्यावर मागं फिरलो.

येळवस उजाडली. बायकोनं काष्टा मारला, डोक्यावरून पदर घट्ट घेतला आणि ओट्यावरून दोन्हीकडं पाय टाकून गाडीवर बसली. गल्लीतल्या बायका दारात आल्या. मडकं चुंबळीसकट आमच्या दोघांच्या मधे. तिचा एक हात मडक्याला, एक माझ्या खांद्यावर. मडक्याचा गार पोटाचा भाग माझ्या पाठीला टेकला होता. आंबील सांडली तर पहिलं मला कळणार होतं.

चुलते म्हणाले, "आता खरं धान्य हाय व्हय रे?"

मी गाडी सुरू केली.

चढ बरा गेला. गाडी घुमत होती, उसळत नव्हती. माझं मनगट पिळून पिळून भरून आलं. मग घळ आली. मी दुसरा गिअर टाकला. तिची खांद्यावरची बोटं आत रुतली.

तोच दगड. तसाच. चाक चढलं, माझं अंग मागं गेलं, मनगट मागं गेलं, आणि मी डोळे मिटले, हे खोटं सांगत नाही. काहीच झालं नाही. ढील होती ना, मूठ नुसतीच फिरली. मग गाडीचा आवाज खाली खाली जाऊ लागला, खोकल्यासारखे दोन आचके आले. पाठीवर गार धार उतरली. मला वाटलं संपलं. थांबून एक पाय टेकावा की काय, आणि पाय उजवीकडं जायला लागला, जिकडं टेकायला काही नव्हतं.

"थांबू नका," ती कानाजवळ म्हणाली. आवाज अगदी साधा.

मी पिळली. आणखी पिळली. इतकी पिळली की कोपर जमिनीकडं गेलं. गाडीनं सावकाश, म्हाताऱ्या म्हशीसारखं, एकेक दगड चढून आम्हाला पलीकडं नेलं. वर सपाटीला आल्यावरही मी तसाच वाकडा बसून चालवत होतो.

शेतात तिनं मडकं कोपीत ठेवलं. आंबील कडेनं थोडी सांडली होती, माझ्या सदऱ्यात होती तेवढीच. ती बांधावर उभी राहून ज्वारीकडं बराच वेळ बघत राहिली. पदरानं तोंड पुसलं. मग पूजा झाली, पानं वाढली.

उंडा तोंडात घातला तेव्हा ती म्हणाली, "घळीत कोणीतरी ज्वारी पेरलीय. लय दाट उगवलीय."

घळीच्या तळाला ओल असते, हे मला आठवलं. "पाखरांनी नेली आसंल," मी म्हणालो.

"पाखरं माझ्या लुगड्याची पट्टीबी नेतेत व्हय?"

तिनं माझ्या वाटीत आंबील ओतली. "पोत्यापरीस मी बरी बसले का न्हाई, तेवढं सांगा."

"बरी बसलीस."

"पोत्याला हात नव्हते," ती म्हणाली. "अन् जाताना मडकं रिकामं हाय. तुमाला दोन्हीनं धरते."